कालचा भाग : रामकुंडातला मृतदेह आणि द्राक्षबागेतली पेस्ट (शेवट उघड केला आहे)

गोदाकाठ

ज्यांनी या गुन्हेशोध मालिकेचा कालचा भाग अजून पाहिला नाही त्यांनी आधी तो पाहून यावा. खाली आरोपी कोण तेही लिहिलं आहे.

कथा थोडक्यात. संक्रांतीच्या आठवड्यातली पहाट. रामकुंडावर स्नानाला आलेल्या लोकांना मृतदेह तरंगताना दिसतो. मृत माणूस म्हणजे पेठकडून टोळीबरोबर गिरणाऱ्याच्या एका द्राक्षबागेत कामाला आलेला मजूर. आदल्या रात्री अकराला त्याला तपोवनात नदीत टाकलेलं असतं. अंगावर जखम नाही. डॉक्टर सांगतात की पाण्यात पडण्याआधीच मृत्यू झालाय. प्रयोगशाळेचा अहवाल सायनाइड म्हणतो. बागेच्या शेडमध्ये, छाटणीनंतर द्राक्षाच्या काड्यांना लावतात त्या पेस्टचा ड्रम सापडतो, उचलीच्या पैशांवरून झालेलं भांडण कळतं, फास्टॅगवरून मालकाचं खोटं उघडं पडतं आणि कोठडीत दोन थपडा बसल्यावर तो दारूतून पेस्ट पाजल्याचं कबूल करतो.

मरणोत्तर पंचनाम्याचा प्रसंग या मालिकेतला आजवरचा सर्वांत नीट केलेला प्रसंग आहे. दोन पंच हजर आहेत, मृतदेहाचं वर्णन डोक्यापासून पायापर्यंत क्रमाने लिहिलं जातंय, नखं आणि तळहात वेगळे पाहिले जातायत. हवालदार मृताचे हात कागदी पिशव्यांत बांधतो, प्लॅस्टिकच्या नाही. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते आणि हातावरचा पुरावा खराब होतो. ओले कपडे सावलीत वाळवून मग कागदात गुंडाळले, तेही बरोबर. एवढी काळजी घेणाऱ्या लेखकांनी कलम मात्र जुनं वापरलं. तपास अधिकारी मॅडम '१७४ प्रमाणे अकस्मात मृत्यू दाखल करा' म्हणतात. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ आहे. पुढे '३०२' म्हणतात, ते आता न्याय संहितेचं १०३. कथेत ताजा मोबाइल, ताजा फास्टॅग आणि तोंडी जुना कायदा, हे जुळत नाही.

बाकीच्यांनी काय पाहिलं ते लिहा.

दसक_पंचक

पहिलीच चूक भूगोलाची आहे आणि ती नाशिकच्या कुठल्याही माणसाला खटकेल. गोदावरी गंगापूर धरणाकडून सोमेश्वर, आनंदवल्ली करत रामकुंडावर येते आणि *तिथून पुढे* तपोवनात जाते. तपोवनात टाकलेला मृतदेह रामकुंडात येणार नाही. तो खाली आमच्या दसककडे जाईल, आणखी पाणी असेल तर नांदूरमध्यमेश्वरच्या दिशेने. प्रवाहाविरुद्ध दीड-दोन किलोमीटर वर चढणार कसा?

दुसरं, जानेवारीत नदीला वाहून नेण्याइतकं पाणीच नसतं. धरणातून आवर्तन नसेल तर मधले बंधारे आणि पाणवेली यांत एखादं लाकूडसुद्धा अडकून पडतं. दिग्दर्शकाने सुरुवातीला नदीपात्रातला दुतोंड्या मारुती दाखवलाय आणि पाणी त्याच्या कमरेला लागलेलं आहे. ते चित्रण पावसाळ्यातलं आहे हे स्पष्ट आहे. नाशिककर पुराचं माप त्या मूर्तीवरच मोजतात: पाय, गुडघे, कंबर, गळा. कमरेएवढं पाणी म्हणजे धरणातून मोठा विसर्ग चालू आहे, आणि तेव्हा रामकुंडात कोणालाही स्नानाला उतरू देत नाहीत. पुढच्याच दृश्यात लोक पायऱ्यांवर निवांत उभे आहेत.

छाटणी_हंगाम

बागेचं त्याहून वाईट झालंय.

मजूर काड्यांना पेस्ट लावतायत आणि त्याच वेलीवर पिकलेले घड लोंबतायत, अशी एक चौकट आहे. असं होऊच शकत नाही. आपल्याकडे वर्षातून दोन छाटण्या असतात. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, त्यातून काडी तयार होते. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, त्यातून फळ. पेस्ट म्हणजे हायड्रोजन सायनामाइड. गोडी छाटणीनंतर साधारण एक-दोन दिवसांत ती काडीच्या राखलेल्या डोळ्यांना, म्हणजे अंकुरांना, लावतात, म्हणजे सगळे डोळे एकसारखे आणि एकाच वेळी फुटतात. ती लावली नाही तर शेंड्याचा डोळा आधी पळतो, खालचे झोपून राहतात आणि बाग मागेपुढे होते. पेस्ट लागते तेव्हा वेलीवर पान नसतं, घड तर दूरची गोष्ट. तिथून काढणीला जातीप्रमाणे साडेतीन ते साडेचार महिने लागतात.

म्हणजे जानेवारीत दाखवायची तर काढणी दाखवा, क्रेट दाखवा, पॅकिंगची शेड दाखवा. पेस्ट दाखवायची तर उघडी बाग दाखवा. बागलाणात आगाप, म्हणजे लवकरची, छाटणी पावसाळ्यातच सुरू होते, पण तिथेही पेस्ट आणि पिकलेला घड एका वेलीवर येत नाहीत.

आणखी एक गोष्ट लेखकांच्या हातातून निसटली, याचं फार वाईट वाटलं. कोणती काडी झाली आणि कोणती राहिली हे कळावं म्हणून पेस्टमध्ये रंग मिसळतात. हातमोजे न घालता काम केलं तर तो रंग बोटांच्या पेरांत, नखांच्या कडांना बसतो. कातडी जळजळते, सोलवटते. मृताचे हात इतके जपून कागदी पिशव्यांत बांधले, आणि पिशव्या उघडल्यावर काय दिसलं हे पूर्ण भागात कुणी विचारलंच नाही.

कॉलेजरोड_प्रेक्षक

मॅडम म्हणतात, 'सायनामाइड म्हणजे सायनाइडचाच भाऊ.' हे खरं का? अख्खा उलगडा त्या एका वाक्यावर आहे.

विषचिकित्सा

नाही. नावं सारखी आहेत, विषं वेगळी आहेत. ही चूक या भागाचा कणाच मोडते, म्हणून सविस्तर लिहितो.

सायनाइड पेशींची प्राणवायू वापरण्याची यंत्रणा बंद पाडतं. रक्तात प्राणवायू असतो पण पेशी तो घेऊ शकत नाहीत, काही मिनिटांत माणूस कोसळतो. म्हणून मरणोत्तर डाग, म्हणजे रक्त खाली साचून कातडीवर येणारे डाग, नेहमीच्या जांभळ्याऐवजी गुलाबीसर लाल दिसतात. हायड्रोजन सायनामाइड शरीरात गेल्यावर सायनाइडसारखं वागत नाही. त्याचं काम निराळं. दारू पचताना आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड बनतं आणि यकृतातलं एक विकर (एन्झाइम) ते पुढे मोडतं. सायनामाइड ते विकर अडवतं. दारू प्यायलेल्या माणसाच्या अंगात अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतं: चेहरा आणि छाती लालबुंद होते, डोकं फुटल्यासारखं दुखतं, धडधड वाढते, उलट्या होतात, श्वास लागतो, रक्तदाब घसरतो. व्यसनमुक्तीसाठी देतात त्या डायसल्फिरामचं कामही असंच. सायनामाइडचाच कॅल्शियम क्षार काही देशांत दारू सोडवण्याचं औषध म्हणून वापरला गेलाय.

त्यामुळे या पेस्टचं काम करणाऱ्याने कामाच्या आदल्या दिवसापासून ते काम संपल्यावर काही दिवसांपर्यंत दारूला हात लावू नये, असं बजावलेलं असतं. ती पोटातच जायला हवी असं नाही, कातडीतून आणि श्वासातूनही शरीरात जाते. मृत्यू क्वचित होतो, पण हृदयाचा आजार असलेल्या माणसाला धोका मोठा.

आता कालच्या भागात काय झालं ते पाहा. मृताच्या पाठीवर रंगभूषेने जांभळे डाग दाखवलेत आणि अहवाल सायनाइडचा आहे. दोन्ही एकत्र बसत नाहीत. उलट थंड पाण्यात राहिलेल्या मृतदेहावर सायनाइड नसतानाही डाग गुलाबीसर येऊ शकतात. डॉक्टरने या फरकावर बोट ठेवलं असतं तर किती सुंदर प्रसंग झाला असता! शिवाय डाग पाठीवर का? ते पक्के व्हायला साधारण सहा ते आठ तास लागतात. नऊला मेलेला माणूस अकराला पाण्यात टाकला तर डाग जागा बदलतील. पाण्यात मृतदेह बहुधा पालथा राहतो, हात-पाय-डोकं खाली लोंबतात, डाग तिकडे उतरतील.

पहाटे तरंगणंही चूक. मृतदेह सहसा आधी बुडतो. आत कुजण्याचे वायू तयार झाले की वर येतो. आपल्या हवामानात उन्हाळ्यात साधारण एक दिवस, थंडीत दोन-तीन दिवस. जानेवारीच्या पाण्यात सहा तासांत नाही.

पंचवटी_मुक्काम

सगळं मान्य, पण चाळीस मिनिटांत लेखक किती दाखवणार? मजुराच्या बायकोचं काम करणारी अभिनेत्री शवागाराबाहेर एक शब्द न बोलता बसून राहते, तो प्रसंग भाषणाशिवाय सगळं सांगून जातो. टोळीचा मुकादम 'उचल फिटली नाही' एवढंच म्हणतो आणि मान खाली घालतो. त्या दोन प्रसंगांसाठी मी हा भाग पुन्हा पाहीन.

विषचिकित्सा

ते प्रसंग उत्तम आहेत, त्यावर वाद नाही. माझं म्हणणं इतकंच की खरं शास्त्र घ्यायला जास्त मिनिटं लागली नसती. व्हिसेराच्या, म्हणजे रासायनिक तपासणीसाठी काढलेल्या अवयवांच्या, बाटल्यांचं उदाहरण घ्या. जठर आणि त्यातला ऐवज, लहान आतड्याचा वरचा साधारण ३० सेंटिमीटरचा भाग, यकृताचा तुकडा, प्लीहा, दोन्ही मूत्रपिंडांचे अर्धे भाग, हे सगळं भागात बरोबर दाखवलंय. पण बरणीवर चिठ्ठी 'स्पिरिट' अशी आहे. जिथे मृत माणूस दारू प्यायला होता का हाच प्रश्न आहे तिथे स्पिरिट घालायचं नसतं. तिथे मिठाचं संपृक्त द्रावण. बरणी दोन-तृतीयांशच भरायची, वर वायूला जागा हवी, नाहीतर झाकण उडतं. वापरलेल्या द्रावणाचा नमुना वेगळ्या बाटलीत आणि मोहोरेचा ठसा वेगळा, हे दोन्ही सोबत पाठवायचं.

आणि लघवी! सायनामाइडचं शरीरात फार लवकर रूपांतर होतं आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. मूत्राशयातला नमुना घेतला नाही तर पुरावा गेला. प्रयोगशाळेला पाठवायच्या पत्रात संशयित पदार्थाचं नाव लिहावं लागतं, कारण नेहमीच्या तपासणीत प्रत्येक रसायन शोधलं जात नाही. 'द्राक्षबागेत पेस्टचं काम, सोबत दारू' एवढी ओळ असती तरी तपासाची दिशा बदलली असती.

हो, आणि ती बाटली रातोरात मुंबईला कालिन्याला नेण्याची धावपळ कशासाठी? प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा नाशिकमध्येच आहे.

शेड_नंबर_दोन

ड्रमवरची खूणही चुकलीय. काळा त्रिकोण आणि कवटी काढलीय. कीटकनाशक कायदा १९६८ मधला, त्याखालचे नियम १९७१ चे. त्याप्रमाणे कोनावर उभा केलेला चौकोन असतो, त्याचे दोन त्रिकोण. खालच्यात रंग: लाल, पिवळा, निळा, हिरवा, विषारीपणाच्या उतरत्या क्रमाने. वरच्या त्रिकोणात इशारा. काळा रंग यात नाहीच.

कलम_तेवीस

न्यायालयात काय टिकेल ते लिहितो, कारण पुढच्या भागाच्या झलकेत जामिनाची सुनावणी दिसतेय.

कबुली शून्य. साक्ष अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, आणि पोलीस कोठडीत असताना दिलेलीही नाही, दंडाधिकाऱ्यांच्या समक्ष दिलेली सोडून. दंडाधिकाऱ्यांपुढची कबुलीही थेट लिहून घेत नाहीत. 'तुमच्यावर बंधन नाही, हे तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल' असं आधी समजावावं लागतं, स्वेच्छेबद्दल खात्री करून घ्यावी लागते. ते नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८३.

एकच खिडकी उघडी आहे. आरोपीच्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली तर तेवढी माहिती ग्राह्य. भागात मालक म्हणतो, 'त्याला मारून त्याचा मोबाइल मी पिंपळगावच्या पुढे नाल्यात टाकला', आणि मोबाइल सापडतो. यातलं 'मोबाइल नाल्यात टाकला' एवढंच चालेल. 'त्याला मारून' गळून पडेल. १९४६ सालच्या पुलुकुरी कोटय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिशकाळातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, ही रेघ आखली आणि आजही तीच चालते. पण त्यासाठी निवेदन पंचनामा हवा: दोन पंच, त्यांच्यासमोर आरोपीचे शब्द जसेच्या तसे, मग सगळे मिळून त्या जागेवर, आरोपी पुढे, पंच मागे. इथे मॅडम एकट्याच गाडी घेऊन नाल्यावर पोचतात.

ड्रमच्या जप्तीचंही तेच. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृक्-श्राव्य चित्रण करायचं, मोबाइलवर केलं तरी चालतं, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. इथे एक शिपाई ड्रम उचलून जीपमध्ये ठेवतो. ना मोहोर, ना पंच, ना नमुना.

थपडांवर टाळ्या पडतात हे मला ठाऊक आहे, पण त्या थपडांनीच खटला जातो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे आणि १८ महिन्यांचं चित्रण जपण्याचे आदेश दिलेत, त्यात कोठड्या आणि निरीक्षकांच्या खोल्याही आल्या. बचावाचा वकील पहिल्याच तारखेला ते चित्रण मागेल.

सिडको_वाचक

हद्दीचा प्रश्न कसा सुटेल? रामकुंड शहर आयुक्तालयात, बाग ग्रामीण पोलिसांकडे.

कलम_तेवीस

मृतदेह पंचवटीच्या हद्दीत मिळाला, म्हणून अकस्मात मृत्यूची नोंद तिथेच. खुनाचा गुन्हा कुठेही नोंदवता येतो, हद्द आड येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते आता स्पष्ट लिहिलंय. शून्य क्रमांकाने नोंदवून नंतर ग्रामीणकडे वर्ग करता येतो. भागात दोन अधिकारी 'तुमची हद्द, आमची हद्द' करत तीन मिनिटं भांडतात, त्याची गरज नव्हती.

टोलनाका_२४तास

फास्टॅगचा भाग मात्र उत्तम जमलाय आणि त्याचं कौतुक कोणी केलं नाही. मालक म्हणतो मी मुंबईला गेलो. मुंबईकडे जायचं तर घोटीचा टोलनाका लागतो. नोंद निघते पिंपळगाव बसवंतची, म्हणजे आग्र्याच्या दिशेची, बरोबर उलटी. नकाशा न दाखवता, एका ओळीत खोटं पकडलं.

पण पुढची पायरी राहिली. फास्टॅग गाडी सांगतो, चालवणारा सांगत नाही. त्यासाठी त्या लेनच्या कॅमेऱ्याचं चित्रण हवं. आणि ते घेताना कॅमेऱ्याच्या यंत्रातलं घड्याळ खऱ्या वेळेशी ताडून फरक पंचनाम्यात लिहायचा असतो. घड्याळ दहा-बारा मिनिटं पुढे-मागे असणं अगदी नेहमीचं, आणि या कथेत तर सगळा हिशोब अर्ध्या तासाचा आहे. नोंदीच्या प्रतीसोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, दोन भागांचं: एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, एक तज्ज्ञाचा, त्यात हॅश मूल्य, म्हणजे प्रत बदललेली नाही हे ताडायचा आकडा. प्रमाणपत्राशिवाय प्रत चालत नाही, हे जालन्याच्या निवडणुकीवरून गाजलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात २०२० मध्ये पक्कं झालंय.

टॉवरचंही जपून. 'लोकेशन गिरणारे' म्हणजे मोबाइल बागेतच होता असं नाही. ग्रामीण भागात एक टॉवर काही किलोमीटरचा पट्टा सांभाळतो.

छाटणी_हंगाम

वरचं सगळं वाचून एक गोष्ट लक्षात येतेय. या भागातल्या निम्म्या चुका एका बदलाने सुटतात. कथा जानेवारीतून उचलून सप्टेंबरच्या शेवटी ठेवा.

तेव्हा गोडी छाटणी सुरू झालेली असते, पेस्ट लागत असते, टोळ्या आलेल्या असतात, उचलीचे व्यवहार ताजे असतात. परतीचा पाऊस झाला तर भरलेल्या धरणातून विसर्ग सुटतो. मृतदेह तपोवनात न टाकता वर आनंदवल्लीच्या बाजूला टाकला की गिरणाऱ्याहून येताना रस्ताही सरळ, अख्खं शहर ओलांडायला नको. पाणी त्याला बंधाऱ्यांवरून खाली आणेल. दुतोंड्याच्या कमरेएवढं पाणी त्याच चित्रणात खरं ठरेल. फक्त स्नानाची गर्दी काढून टाकावी लागेल, मृतदेह घाटावर पाणी पाहायला आलेल्यांना दिसेल.

दसक_पंचक

पाणीही कोमट असेल, एक-दीड दिवसात वर येईल. मृत्यू आणि सापडणं यांत मधला एक दिवस ठेवा, म्हणजे बायकोला त्याला शोधत फिरण्याचा प्रसंगही मिळेल. नदीपुरतं माझं समाधान झालं.

पंचवटी_मुक्काम

पण मग खून उरतो का? मालकाने पाजलंच नसेल आणि दिवसभर पेस्ट लावून मजूर स्वतःच प्यायला असेल तर?

कलम_तेवीस

तोच खरा प्रश्न आहे आणि लेखकांनी तो घ्यायला हवा होता. तीन शक्यता आहेत. मारण्याच्या हेतूने पाजलं असेल तर न्याय संहितेचं १०३, खून. पेस्टचं काम झालंय आणि दारूने जीव जाऊ शकतो हे पक्कं ठाऊक असताना, मारायचा हेतू नसताना मजुरीऐवजी बाटली हातात दिली असेल, तर त्याच न्याय संहितेच्या १०५ कडे, म्हणजे खून न ठरणाऱ्या सदोष मनुष्यवधाकडे, जाता येतं, पण ते 'ठाऊक असणं' सिद्ध करायला हवं. हातमोजे दिले नाहीत, दारूचा इशारा सांगितला नाही, एवढंच असेल तर निष्काळजीपणा, १०६, पाच वर्षांपर्यंत. आणि तिन्ही बाबतींत, गुन्हा लपवण्यासाठी मृतदेह नदीत टाकला म्हणून २३८ वेगळं लागू शकतं.

विषचिकित्सा

आणि शवविच्छेदनात या शक्यता वेगळ्या करता येतात. पेस्ट तोंडाने गेली असेल तर ती दाह करते: ओठ, घसा, अन्ननलिका, जठराचं अस्तर सुजलेलं, लाल. कातडीवाटे गेली असेल तर हात-मनगट सोलवटलेले आणि जठर त्या मानाने स्वच्छ. म्हणून छाटणीदादांनी वर म्हटलेल्या त्या कागदी पिशव्या महत्त्वाच्या. उत्तर मृताच्या हातावर आहे.

बुडून मेला नाही हे डॉक्टरने एका वाक्यात सांगून टाकलं, त्यालाही आधार हवा. तोंडानाकाशी बारीक चिवट फेस नाही, फुप्फुसं फुगलेली नाहीत, आणि मांडीच्या हाडाच्या मगजात डायटम, म्हणजे पाण्यातली सूक्ष्म शेवाळं, सापडली नाहीत. त्या तपासणीसाठी जिथे मृतदेह मिळाला आणि जिथे टाकल्याचा संशय आहे, अशा दोन्ही ठिकाणचं पाणी तुलनेला लागतं. तपोवन असो की आनंदवल्ली, पाण्याची बाटली भरून घेताना भागात कोणी दिसत नाही.

गोदाकाठ

पंचनाम्यापासून शवविच्छेदनापर्यंतचा भाग पुन्हा थांबवत थांबवत पाहिला. दोन दुरुस्त्या.

विषचिकित्सा, स्पिरिटची चिठ्ठी फक्त मोठ्या बरणीवर आहे. रक्ताच्या लहान बाटलीवर 'सोडियम फ्लोराइड' स्पष्ट वाचता येतं, ते बरोबर आहे ना?

आणि छाटणी_हंगाम, पिशव्या उघडतानाचं दृश्य आहे. जेमतेम दोन सेकंद, डॉक्टरच्या खांद्यावरून. उजव्या हाताची बोटं दिसतात. पेरांवर तांबूस डाग आहेत.

विषचिकित्सा

फ्लोराइड बरोबर. रक्तातल्या दारूचं प्रमाण नंतर बदलू नये म्हणून तेच घालतात.

छाटणी_हंगाम

डाग पाहिले. अंगठा आणि पहिल्या दोन बोटांवर आहेत, फडक्याने काडीच्या डोळ्यांना पेस्ट पुसतात तेव्हा रंग बरोबर तिथेच लागतो. मग पुढच्या भागात हे येणार असेल. झलकेत सरकारी वकिलाच्या टेबलावर कागदी पिशवी ठेवलेली आहे, ती कुणी नीट पाहिली का?